मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

तळवली, घणसोली
रविवार, २१ जुलै २०२४

चि. हौसेरावास,

तुझ्या अक्काचा आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं, बोलणं माझं, तेव्हा चूक कुणाची ते तूच ठरव. फोन केला असता, पण तुमच्या वाकणवाडीत रेंज मिळवायला तुला देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि वर पोचलास की दम लागेपर्यंत तू एकटाच बोलतोस. कागदाचं बरं असतं. कागदाला मधे तोडता येत नाही.

बातमी अशी की तुझी बहीण पदाधिकारी झाली. हसू नकोस. सुनयनाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती म्हणून असते, तिची मी सभासद आहे. कशी झाले ते ऐक. समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा नियम आहे म्हणे. म्हणून पालकांची सभा ठेवली कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. आया सगळ्या कंपनीत, नाहीतर लोकांच्या घरी भांड्याला. आमचा विश्वजित कंटेनर घेऊन गुजरातेत, राजश्री पॅकिंगच्या लाइनीवर. मी पोरीला वर्गात सोडून व्हरांड्यातल्या पंख्याखाली गुडघे चोळत बसले होते. मुख्याध्यापक कमळाकर सर बाहेर आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, बाईमाणूस म्हणून मीच सापडले. म्हणाले, "आजी, सुनयनाच्या पालक तुम्हीच ना?" म्हटलं, तिची आई कामावरून येईपर्यंत मीच. म्हणाले, मग आत या. झाली माझी बिनविरोध निवड.

आमचे अध्यक्ष सुभाषशेठ. टँकरनं पाणी पुरवतात. नाक्यावरच्या प्रत्येक बोर्डावर त्यांच्या नावाआधी 'भावी नगरसेवक' लिहिलेलं असतं असं राजश्री सांगते. मी इथं आल्यापासून बघते आहे, माणूस भावीच आहे. केस पांढरे झाले तरी भावी.

पहिली सभा परवा झाली. आधी सगळ्यांनी सगळ्यांचा सत्कार केला. मग वडापाव आला. चटणी तिखट की गोड यावर बराच वेळ गेला. मग भटजी घाईत मंत्र म्हणतो तसे कमळाकर सरांनी विषय म्हटले, आणि प्रत्येक विषयाला मंडळी 'मंजूर' म्हणाली. मी त्या वेळी चहा बशीत ओतत होते. शेवटी रजिस्टर फिरलं. बाकीच्यांनी सह्या केल्या, माझ्यासाठी शाईचा पॅड आणला. विचारलं, सर, हे काय? म्हणाले, हजेरी आहे आजी.

आता मुद्द्याचं. तू तर तुमच्या शाळेच्या समितीचा किती वर्षांचा अध्यक्ष. पंधरा ऑगस्टला कडक टोपी घालून झेंड्याची दोरी ओढतोस. तर मला सांग, या समितीला अधिकार कसले आणि काम कसलं? वडापाव खाणं हे अधिकारात येतं की कामात?

राजश्रीला कंपनीनं लाइनीची सुपरवायझर केलं. हे ती लिहायला लाजते आहे, म्हणून मी दोनदा सांगितलं.

तुझी अक्का
(इथे अंगठा)

*

मु. पो. वाकणवाडी, ता. जावळी
२ ऑगस्ट २०२४

ती. राजाअक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पावले, मजकूर समजला. निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. कै. दाजी आज असते तर मार्केटात गोणी खाली ठेवून त्यांनी पेढे वाटले असते.

आपण विचारलेल्या माहितीबाबत खुलासा पुढीलप्रमाणे. समितीने शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवायची असते. शाळेचा विकास आराखडा करणे, आलेले अनुदान योग्य कामी लागते की नाही हे पाहणे, गुरुजी वेळेवर येतात का, पोर शाळेबाहेर राहिले आहे का, खिचडी खाण्याजोगी आहे का, हे सर्व समितीच्या कक्षेत येते. कायद्याने समितीला फार मोठे स्थान दिलेले आहे. मात्र अनुभवाने सांगतो, अधिकार हे कागदावर शोभतात. प्रत्यक्षात कर्तव्य एकच, सभा सुरळीत पार पाडणे.

सभेचा पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. म्हणजे मागच्या सभेत काय बोलणे झाले ते वाचायचे, सर्वांना पटले तर पक्के करायचे. परंतु ते वाचायचे नसते. 'वाचले असे समजून' कायम करायचे. वाचत बसले तर चहा गार होतो. माझ्या संपूर्ण कारकिर्दीत ते एकदाही वाचले गेले नाही व एकदाही वाद झाला नाही. सबब आपणही चहा बशीत ओतत राहावे.

नातू चि. रोहन मजेत आहे. त्याला आता बाजारगावच्या मोठ्या शाळेत घातले आहे. खचाखच भरलेल्या वडाप जीपने जातो. तिकडे सोयी चांगल्या आहेत. भात लावून झाला.

आपला आज्ञाधारक
हौसेराव

*

तळवली, घणसोली
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

चि. हौसेरावास,

आशीर्वाद. तुझा खुलासा राजश्रीनं वाचून दाखवला. इतकी वर्षं अध्यक्ष राहून तुला चहा गार होऊ न देण्याची कला साधली, हे ऐकून आईबापांचं नाव काढलंस असं वाटलं.

पण आता मला शिकवू नकोस. मी तुझ्या पुढं गेले. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला आणि माइकवर माझं नाव घेतलं. सुभाषशेठनी स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली. म्हणाले, आजींसारखी माणसं पाठीशी उभी राहिली म्हणून मोठी कामं होतात. कसली कामं ते टाळ्यांमधे ऐकू आलं नाही. शाल बरी आहे, जरा टोचते.

आणि काल सकाळी बघते तर शाळेच्या नाक्यावर बॅनर. हौश्या, पुरुषभर उंचीचा. वर सुभाषशेठ गॉगल लावून, मोबाइल कानाला, आणि खाली कोपऱ्यात मी. शाल घेतलेली. कपाळावरची नसदेखील दिसते. दिवाळे गावाहून मासळी घेऊन येते ती राहीबाई तिथंच पाटी लावून बसते. ती म्हणाली, "आजी, तुमचा फोटो मोठा हाय, पन शेठचा तुमच्याहून मोठा हाय." काय लिहिलंय ते तिलाही येत नाही नि मलाही. पण फोटो वाचायला शाळा लागत नाही.

काल पोरीला सोडून मी त्या बॅनरखाली थोडी उभी राहिले. उन्हाचं बरं पडतं. येणारे-जाणारे बघत होते. एक बाई लेकराचा हात धरून आली, वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "छान भलं केलंत हं आजी आमच्या पोरांचं." मी म्हटलं, असू दे गं, माझं कामच आहे ते. ती काही न बोलता गेली. शहरातली माणसं कौतुक करायला लाजतात.

राजश्री अजून बॅनर बघायला गेली नाही. तिची बस दुसऱ्या अंगानं येते. आता पत्र झालं की पाठवते तिला. फोटो काढून आणील, तुला धाडते. देव्हाऱ्यात ठेवू नकोस, नुसता ओटीवर लाव.

तुझी अक्का
(इथे अंगठा)

ता. क. मामा, मी राजश्री लिहिते आहे. आत्ताच नाक्यावर जाऊन बॅनर वाचून आले. वर लिहिलंय, 'आपल्या शाळेच्या भव्य स्थलांतराचा ऐतिहासिक निर्णय'. मराठीचे पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर हायवेपलीकडच्या शाळेत जाणार, आणि या इमारतीत नवी इंग्रजी शाळा येणार. खाली लिहिलंय, 'ठरावाच्या अनुमोदक श्रीमती राजाबाई सपकाळ यांचे जाहीर आभार'. आईंना मी आत्ता सांगितलं. त्यांनी शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. मामा, पलीकडं जायला रेल्वेखालून भुयारातून जावं लागतं आणि मग तो मोठा रस्ता. आईंच्या गुडघ्यांना ते होणार नाही. मग कामावर मला पाणी सोडावं लागेल. काही करता येतं का ते कळवा.

*

मु. पो. वाकणवाडी
३० ऑगस्ट २०२४

ती. राजाअक्कास,

शि. सा. नमस्कार. पत्र व सौ. राजश्रीचा ताजा कलम, दोन्ही पावले. प्रकरण नाजूक आहे.

आपणास स्पष्ट लिहितो. आपण ज्यास स्थलांतर म्हणता त्यास समायोजन असे म्हणतात. समायोजन हे वरून ठरून येते. समितीने फक्त 'सर्वानुमते' असे लिहून द्यायचे असते, म्हणजे वरच्यांना ते खालून आले असे दाखवता येते. यात कोणाचा दोष नसतो. मुख्याध्यापकांवर दबाव असतो, अध्यक्षांवर दबाव असतो, आणि त्या दिवशी सर्वांनाच घरी जायची घाई असते. पोरे चार दिवस रडतात व मग जीपची सवय होते.

झाला ठराव मागे घेणे म्हणजे स्वतःच्या अंगठ्याला खोटे पाडणे. लोक हसतील. सबब गप्प बसावे, गुडघ्याला तेल लावावे, व सौ. राजश्रीने कंपनीत पाळी बदलून मागावी.

आपला
हौसेराव

*

तळवली, घणसोली
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

चि. हौसेरावास,

आशीर्वाद. तुझा सल्ला मिळाला. तेलाची बाटलीही धाडली असतीस तर सल्ला पुरा झाला असता.

आधी घरचं सांगते. गणपतीत आमच्याकडं कुणी आरतीला आलं नाही. चाळीतल्या ज्या आया सकाळी माझ्याशी बोलत पोरं सोडायच्या, त्या आता रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जातात. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते. मी माझ्याच बॅनरखाली उभी राहून माझं कौतुक करून घेत होते, आणि त्यावर मी त्यांच्या पोरांना हायवेवर ढकलल्याचं लिहिलं होतं. अशी मूर्ख म्हातारी तुझ्या ओळखीत दुसरी नसेल. असली तर तिलाही समितीवर घे.

मग एक दिवस मी स्वतः निघाले. म्हटलं, अनुमोदन दिलंय तर रस्ता तरी बघावा. भुयाराच्या पायऱ्या उतरताना मधेच बसले. पाणी साचलेलं, दिवा नाही. पलीकडं निघून मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्रेलर असे जातात की अंगावरचा पदर त्यांच्या मागं जातो. सुनयनाएवढी पोरगी त्या चाकाच्या निम्म्याला येते. मी रस्ता ओलांडलाच नाही. तशीच परत आले. राजश्रीनं त्याच दिवशी कंपनीत विचारून ठेवलं, दिवाळीनंतर सोडायचं तर आधी सांगावं लागतं का. मला सांगितलं नाही. हे लिहितानाही तिनं पेन थांबवलं होतं. मी म्हटलं, लिही.

(मी थांबवलं नव्हतं, पेन चालत नव्हतं. राजश्री)

कमळाकर सरांकडं गेले. म्हटलं, माझा अंगठा परत द्या. ते म्हणाले, "आजी, अंगठा परत देता येत नाही." वाईट माणूस नाही तो. पुढच्या वर्षी रिटायर होणार, त्याच्याही मानेवर कुणी बसलंय. मला चहा विचारला. नको म्हटलं. त्या शाळेचा चहा मला महागात पडतो.

आता तुझ्याबद्दल. हौश्या, तू मला पोरगी समजू नकोस, मी तुझा शेंबूड पुसला आहे. समायोजन हा शब्द आमच्या बॅनरवर नाही, सरांच्या तोंडात नाही, मग तुझ्या तोंडात इतका गुळगुळीत कसा? रोहनला जीपनं बाजारगावी का जावं लागतं? आपली शाळा तर तुझ्या ओट्यावरून दिसते. आणि दरवर्षी पंधरा ऑगस्टला तू झेंड्याचं इतकं लिहितोस की कागद पुरत नाही; टोपी कशी होती, जिलबी किती कडक होती. यंदा एक अक्षर नाही. टोपी धुवायला टाकली होती का?

दुसरं, ऑक्टोबरात आमची पुढची सभा आहे. तुला समितीतलं इतकं कळतं तर एवढंच सांग, मला तोंड उघडायची जागा कुठं आहे?

हे पत्र राजश्रीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मी ऐकलं. मग अंगठा दिला. यापुढं असंच.

तुझी अक्का
(इथे अंगठा)

*

मु. पो. वाकणवाडी
२६ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,

नमस्कार. कामाच्या गडबडीत थोडक्यात लिहितो.

सभासदाने मागणी केल्यास मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावेच लागते. विषयाचे नावच तसे आहे. मात्र साक्षर सभासद अशी मागणी करत नाहीत. आपण वाचले नाही असे चारचौघांत दिसते, त्याचा कमीपणा वाटतो. आपणास तो प्रश्न नाही.

बाकी प्रश्नांची उत्तरे सवडीने.

हौसेराव

*

तळवली, घणसोली
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

चि. हौसेरावास,

आशीर्वाद, आणि दसऱ्याचं सोनं कागदातून. तुझं पत्र इतकं लहान कधीच नव्हतं, आणि इतकं कामाचंही. आता सभा ऐक.

या वेळी मी आधी चाळीत फिरले. दारं लागली तिथं खिडकीतून बोलले. म्हटलं, मला शिव्या द्यायच्या तर शाळेत येऊन द्या, सभेच्या दिवशी, खोलीबाहेर उभ्या राहून. शिव्या द्यायच्या म्हटल्यावर बायकांनी रजा काढल्या. राजश्रीनं पण काढली. व्हरांडा भरला.

आत सत्कार सुरू झाले. माझ्यासाठी परत शाल आणली होती. म्हटलं, आधीची टोचते, ही राहू दे. मग सर उभे राहिले आणि घाईनं म्हणाले, विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त, वाचले असे समजून...

मी म्हटलं, "सर, मला वाचता येत नाही. वाचून दाखवा."

ते म्हणाले, "आजी, ते वाचलंय असं समजायचं असतं."

"तेच समजत नाही मला. तुम्ही सगळे शिकलेले, न वाचता समजता. मी अडाणी, मला वाचावं लागतं."

सुभाषशेठ हसले. म्हणाले, आजींना कशाला त्रास, वेळ जातो. मी म्हटलं, शेठ, तुम्ही इतकी वर्षं भावी आहात, तुम्हांला वेळेची काय घाई. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी फुस्सकन हसलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दाराकडं बघितलं.

शिक्षकांच्या वतीनं समितीत गीतांजली मॅडम आहेत, नव्या लागलेल्या, कधी बोलत नाहीत. त्या खाली मान घालून म्हणाल्या, सर, विषयाच्या नावात 'वाचून' आहे. सरांनी घाम पुसला आणि रजिस्टर उघडलं.

पहिलं वाक्य वाचलं, 'स्थलांतराच्या विषयावर सभेत सांगोपांग चर्चा झाली.'

मी विचारलं, "कोण बोललं?"

मी एकेकाकडं बोट केलं. तुम्ही बोललात? तुम्ही? नाही म्हणाले. मला तर त्या दिवशी चटणीवरची चर्चा आठवत होती, ती मात्र सांगोपांग होती. म्हटलं, मग हे वाक्य कुणाचं आहे, ते विचारून ठेवा, पुढं चला.

दुसरं वाक्य, 'पालकांनी निर्णयाचे उत्स्फूर्त स्वागत केले.' मी म्हटलं, "कोणी केलं?" आणि व्हरांड्याकडं बघून विचारलं, बायांनो, तुमच्यापैकी कुणी? माझ्या बॅनरखाली मला टोमणा मारून गेली होती ना, ती लेकुरवाळी बाई, ती दारात येऊन म्हणाली, "मी नाय केलं. मला बॅनर वाचून कळलं." हिचं नाव सुगंधा. त्या दिवशी ती लाजत नव्हती, हे मला आता कळलं.

तिसरं वाक्य, 'नवीन शाळा सर्व विद्यार्थ्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.' मी म्हटलं, "कोण चाललं?" सगळे शेठकडं बघायला लागले. "कोण चाललं, सर? तुम्ही? शेठ? मी अर्ध्या वाटेवरून परत आले, म्हणून मी तर नव्हते." मग म्हटलं, चला आत्ता चालू. गुडघे माझे, तुमच्या मागं राहतील, पण येईन.

शेवटचं वाक्य, 'अनुमोदक, श्रीमती राजाबाई सपकाळ.' मी म्हटलं, "तिला मी ओळखते. ती त्या वेळी चहा बशीत ओतत होती. तिनं अनुमोदन चहाला दिलं."

सुभाषशेठ उठून उभे राहिले. म्हणाले, "आजी, हे वरून आलंय. माझ्या हातात काय आहे?" मी म्हटलं, वरून आलं असेल तर वरच्यांनी अंगठा द्यावा. माझा कशाला लागतो? लागतो म्हणजे त्याला काहीतरी किंमत असेल. इतके दिवस मला वाटत होतं फक्त शाईला किंमत आहे.

मग गीतांजली मॅडम म्हणाल्या, हे इतिवृत्त कायम करायला मी तयार नाही. मग एक पालक म्हणाला, मीही नाही. तो पहिल्या सभेत सगळ्यात मोठ्यानं 'मंजूर' म्हणाला होता, पण आज त्याची बायको व्हरांड्यात होती. शेवटी सर लिहू लागले. मी म्हटलं, लिहिलेलं वाचा. त्यांनी वाचलं, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम झाले नाही. स्थलांतराचा ठराव समितीने केलेला नाही. रस्त्याची पाहणी झाल्याखेरीज समिती हा विषय घेणार नाही.' मी म्हटलं, हे मात्र मी ऐकलं. मग अंगठा दिला. वाचताना सरांचा चेहरा जरा हलका झाल्यासारखा वाटला. हा माझा भ्रमही असेल.

पाहणीला दुसऱ्या दिवशी निघालो. सुभाषशेठ पांढऱ्या शर्टात आले. भुयारातल्या पाण्यात त्यांचा एक बूट गेला. मोठ्या रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे होते, कानाला मोबाइल नव्हता. एकदम म्हणाले, माझी नात इथून जाऊ शकत नाही. मी विचारलं, तुमची नात आमच्या शाळेत आहे? म्हणाले, नाही.

जिंकले वगैरे म्हणू नकोस. ते रजिस्टर वर गेलं, आणि वरून कागद आलाय की या वर्षी मुलं आहेत तिथंच राहतील, पुढचं पुढं बघू. पुढचं पुढं बघणाऱ्यांना मी ओळखते. पण दिवाळीनंतर सुनयना याच शाळेत जाईल आणि राजश्री कामावर जाईल. सुगंधानं बॅनर उतरवून मला आणून दिला. चांगला जाड फ्लेक्स आहे. त्याच्यावर मी चकलीची भाजणी वाळत घालते. शेठच्या गॉगलवर हरभरे, माझ्या तोंडावर तांदूळ.

आता तुझी सवड झाली असेल. मी उत्तर मागत नाही, ते मला माहीत आहे. आपली शाळा बंद झाली, आणि ठरावावर अध्यक्षाची सही आहे. एवढंच विचारते, रोहन जीपमधे पुढं बसतो की मागं लोंबकळतो?

वाचून दाखवलं, ऐकलं.

तुझी अक्का
(इथे अंगठा)

*

मु. पो. वाकणवाडी
१० नोव्हेंबर २०२४

अक्का,

मागं लोंबकळतो.

शाळा जूनमध्ये बंद झाली. पट कमी म्हणून. मे महिन्यात सभा होती. गुरुजींनी विषय सांगितला, मी म्हटलं वाचले असे समजून. नंतर सही करताना लोकांना सांगितलं की चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता. मला काय लिहिलंय ते माहीत होतं, फक्त वाचलं म्हणायचं नव्हतं. पंधरा ऑगस्टला दोरी ओढायला झेंडाच नव्हता. मी टोपी घालून बंद शाळेच्या कट्ट्यावर बसलो आणि घरी आलो. त्या जूनपासून रोहन माझ्याशी नीट बोलत नाही. तो बोलत नाही हे सुनेलाही कळत नाही, इतका तो मुळातच कमी बोलतो.

आता मुद्दा. शाळा बंद करणाऱ्यांकडून समिती विसर्जित करण्याचे राहून गेले आहे. मुदत संपायची आहे. म्हणजे शाळा नाही, पण समिती आहे, आणि तिचा अध्यक्ष मी आहे. अशी संस्था सबंध जिल्ह्यात दुसरी नसावी. तरी नियमाने मला सभा बोलावता येते, आणि त्या सभेचा पहिला विषय मेमधले इतिवृत्त वाचून कायम करणे हाच असतो. ते अजून कायम झालेलं नाही.

अडचण एवढीच की आमच्या समितीत सगळे साक्षर आहेत. कुणी विचारणार नाही. वाचा म्हटलं तर ज्याच्या त्याच्या लक्षात येईल की तेव्हा वाचलं नव्हतं. अध्यक्षाच्या परवानगीने विशेष निमंत्रित बसू शकतो. अध्यक्षाची परवानगी आहे. येशील का?

हौश्या

*

तळवली, घणसोली
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. हौसेरावास,

आशीर्वाद. शाळा नसलेल्या समितीचा अध्यक्ष माझा भाऊ आहे, हे इथं सगळ्यांना सांगितलं. सुभाषशेठना फार आवडलं. म्हणाले, म्हणजे तुमचे भाऊ माजी झाले नाहीत अजून. त्यांना माजी होण्याची फार भीती वाटते. अजून भावीच आहेत, तरी वाटते.

येते. राजश्री शनिवारची सुट्टी टाकून मला आणून सोडते आहे. सुपरवायझरला सुट्टी मिळते. सुनयनाही येणार म्हणते. तिला रोहनच्या जीपमधे मागं लोंबकळायचं आहे. तिला सांगितलंय की त्या जीपवर लोंबकळणं बंद करायलाच आपण चाललोय.

सभा ठेवताना एवढं पाळ. बाया बोलव, व्हरांडा नसेल तर कट्ट्यावर बसव. सत्कार नको. चहा वाचून झाल्यावर. गार झाला तर झाला. टोपी घालायची की नाही ते तुझं तू बघ, पण चष्मा घाल. आणि गुरुजी एकेक वाक्य वाचतील, मी 'कोण म्हणालं?' असं विचारीन, तेव्हा इकडं तिकडं बघू नकोस.

हात वर कर.

वाचून दाखवलं. ऐकलं. कायम.

तुझी अक्का
(इथे अंगठा)